शिक्षणास शोभा आणणारी वागणूक

शास्त्रपाठ : तीत २ : ९-१०



क्रेत बेटावरील मंडळ्यांची व्यवस्था लावण्याकरिता पौलाने तीतास तेथे ठेविले होते. ते काम सोपे नव्हते. तेथील लोक लबाड व आळशी आहेत, असे त्यांच्यातल्याच एकाने म्हटल्याचे पौल याच पत्रात सांगतो. अशा ठिकाणी शुभवर्तमानाची थोरवी लोकांच्या मनावर ठसावी कशी? पौल विद्वान वक्त्यांकडे अगर धनवानांकडे बोट दाखवीत नाही. परक्याच्या घरी राबणाऱ्या दासांविषयी तो लिहितो की, त्यांच्या विश्वासूपणाने तारणाऱ्या देवाच्या शिक्षणास शोभा यावी. दासास चव्हाट्यावर बोलण्याचा मान नव्हता. परंतु हे काम त्याच्या हातचे होते.

दास्य योग्य होते, असा याचा अर्थ कोणी करू नये. धन्यांनीही न्यायाने व समतेने वागावे, असे त्याच प्रेषिताने बजाविले आहे (कलस्सै ४ : १).

‘शोभा आणणे’ या अर्थाचा जो ग्रीक शब्द येथे आहे, त्याचा मूळ अर्थ नीटनेटके करणे, सजविणे असा आहे. कुमारींनी आपल्या दिवट्या नीट केल्या (मत्तय २५ : ७), मंदिर सुंदर पाषाणांनी सुशोभित होते (लूक २१ : ५), नवरी वरासाठी शृंगारलेली होती (प्रकटीकरण २१ : २), या तिन्ही ठिकाणी तोच शब्द आढळतो. वातीची काजळी झाडणारा ज्योत उत्पन्न करीत नाही. तो केवळ तिच्या आड आलेले दूर करितो. त्याचप्रमाणे आपल्या सद्वर्तनाने शुभवर्तमान अधिक खरे होते असे नाही, व त्याने तारणही विकत मिळत नाही. कृपा अगोदर प्रकट झाली, हे पुढल्याच वचनात (२ : ११) सांगितले आहे. परंतु आपल्या वागण्याची काजळी ती कृपा शेजाऱ्यांपासून झाकून ठेवू शकते.

आणखी एक शब्द ध्यानात घ्यावा. दासांनी काही लबाडीने काढून ठेवू नये, असे सांगताना पौल जो शब्द योजितो, तोच हनन्या व सप्पीरा यांनी किमतीतून काही मागे ठेविले त्या प्रसंगी आला आहे (प्रेषितांची कृत्ये ५ : २). घरातील मूठभर धान्य लपविणे व देवापुढे खोटे बोलणे यांत अंतर फार नाही.

हा धडा आम्ही पुस्तकातून शिकलो खरे, पण तो कळला निराळ्याच ठिकाणी. काही वर्षांपूर्वी एका खेड्यात बाजाराच्या दिवशी वडाखाली आम्ही उपदेश केला. लोक पांगल्यावर एक दुकानदार आम्हांस बाजूस घेऊन हळूच म्हणाला, “पाळकसाहेब, आपले बोलणे गोड वाटले. पण दिवाळीपासून आपल्या घरच्या तेलमिठाची बाकी राहिली आहे, तेवढी आठवण असू द्यावी.” त्याच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती, असती तर आम्हांस रागावण्यास तरी जागा मिळाली असती. त्या वर्षी वेतन उशिरा मिळाले होते हे खरे. परंतु तसे त्यास सांगण्यास आम्ही एकदाही गेलो नव्हतो. उलट त्याचे दुकान चुकवून दुसऱ्या वाटेने जात होतो. त्या रात्री झोप आली नाही. सकाळी होते तेवढे पैसे त्याच्यापुढे ठेवून क्षमा मागितली, व राहिलेली रक्कम तीन महिन्यांत फेडली. तो पुढे ख्रिस्ती झाला काय, असे कोणी विचारील. झाला नाही. पण पुढे एका बाजारी तो आपल्या दुकानाच्या पायरीवर बसून शेवटपर्यंत ऐकत राहिला.

बाजाराहून घराची परीक्षा कठीण असते. नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. मधल्या काळात त्या पतीजवळ राहावयास आल्या, तरी त्यांचे सोवळे व स्वयंपाक वेगळा होता, व टिळकांनी तो राहू दिला. ते घर भांडणावाचून होते असे नाही. ‘स्मृतिचित्रे’ वाचणारास ते ठाऊक आहे. तथापि जेथे सक्ती नसते, तेथेच मन आपल्या पायांनी चालत येते.

म्हणून आपण आपापल्या ठिकाणी स्वतःस तपासू या. मुकादम पाठमोरा झाला म्हणजे आपले खुरपे थांबते काय? विहिरीवर दुसऱ्याच्या सुनेची निंदा चालली असता आपण गप्प राहतो, की भर घालतो? घरातील सर्वांत शेवटी कोण जेवते, व तिला पुरेसे उरते काय? आपल्यापेक्षा हलके मानलेल्या जातीतून कोणी उपासनेस आला, तर त्याला चटईवर जागा मिळते काय?

उपदेशक बंधूंनी हा पाठ शिकविताना पुढील प्रश्न विचारावे :

१. क्रेत येथील दासांस उपदेश न करिताही कोणती साक्ष देता येत होती?
२. जक्कयाच्या पश्चात्तापात पैशाचा हिशेब का आला (लूक १९ : ८)?
३. या आठवड्यात आपणांस कोणाकडे जाऊन चूक कबूल करावयाची आहे?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर वर्गात मागू नये. ते प्रत्येकाने पुढल्या रविवारापूर्वी, त्या माणसाच्या दारी जाऊन द्यावे. प्रभू आपणां सर्वांस तितके धैर्य देवो.