उक्ता दर आणि लहान काम

समजा, 40 चौरस फुटांच्या न्हाणीघरात लादी बसवायची आहे. निचऱ्याचा उतार साधणे, कडेचे तुकडे कापणे, दुसऱ्या दिवशी सांधे भरणे यांस लागणारा वेळ क्षेत्रफळाच्या प्रमाणात घटत नाही. गवंडी व बिगारी यांचे प्रत्येकी 2 दिवस जातात. रोजी अनुक्रमे 900 व 600 रुपये धरल्यास श्रमखर्च 3,000 रुपये, म्हणजे चौरस फुटामागे 75 रुपये होतो. मोठ्या दालनासाठीचा 30 रुपयांचा उक्ता दर येथे लावल्यास मिळतात 1,200. तेवढे तर बिगाऱ्यालाच द्यावे लागतात. उक्त्या कामाचा किमान दर ठरलेला नसून केवळ कालदर ठरलेला असेल, तर त्याहून कमी वेतन देता येत नाही, असे 2019 ची वेतन संहिता सांगते (1948 च्या किमान वेतन कायद्यातही ही तरतूद होती). मात्र हे संरक्षण कर्मचाऱ्याला आहे. स्वतःच ठेका घेणारा गवंडी त्याबाहेर राहतो.