साल सुटेना, शिट्टी वाजेना

प्रश्न : ओल्या फांदीची शिट्टी करताना साल फाटते. काय चुकतं? (एक वाचक, चिटगुप्पा)

उत्तर : बहुधा हंगाम. नवी पालवी फुटताना सालीखाली रस चढलेला असतो. तेव्हाच साल अखंड नळीसारखी सुटते. ओढ्याकाठचा वाळुंज मिळाला तर उत्तम. कण्हेर मात्र विषारी, ती तोंडाला लावूच नका.

बोटाएवढी, बिनगाठीची काडी घ्या. टोक खालून तिरपं कापा, वरून इंचभरावर खाच पाडा, चार इंचांवर सालीला गोल चीर द्या. मग काडी भिजवून चाकूच्या मुठीने सगळीकडून हलके ठोका आणि साल पिळा. पोरं इथेच घाई करतात! साल निघाली की खाच लांब-खोल करा, तोंडापासून खाचेपर्यंत वरून मिलिमीटरभर सपाट तासा, साल परत चढवा. वाळल्यावर आवाज बसतो. रात्री पाण्यात ठेवा.