सहाव्या वर्षाची दाढ

मूल सहा-सात वर्षांचे झाले की त्याचे पुढचे दुधाचे दात हलू लागतात. पडलेला दात, त्या जागी दिसणारी फट आणि तिच्यातून डोकावणारा नवा दात यांकडे साऱ्या घराचे लक्ष असते. याच सुमारास जबड्याच्या मागील बाजूस, एकही दात न पडता, पहिली कायमची दाढ उगवते. काहीच पडलेले नसल्यामुळे अनेक पालक तिलाही दुधाचीच दाढ समजतात आणि ‘पुढे पडणारच आहे’ म्हणून तिच्या किडीकडे दुर्लक्ष होते. वास्तविक ही दाढ आयुष्यभरासाठी असते.

प्रौढ माणसाच्या ३२ दातांपैकी १२ दाढा असतात. दुधाच्या २० दातांच्या जागी कायमचे पटाशीचे दात, सुळे व उपदाढा येतात. कायमच्या दाढा मात्र कोणाचीही जागा घेत नाहीत. गर्भाच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास भावी हिरडीत पेशींची एक पट्टी तयार होते व तिच्यातून दातांचे अंकुर फुटतात. जबड्याबरोबर ही पट्टी मागे वाढत जाते आणि तिच्यातूनच दाढांचे अंकुर एकामागून एक निघतात. पहिल्या दाढेचा अंकुर गर्भावस्थेच्या चौथ्या महिन्याच्या सुमारास धरतो.

हा अंकुर आरंभी कळीसारखा, नंतर टोपीसारखा व अखेरीस घंटेसारखा दिसतो. या अवस्थांतच दाढेचा आकार ठरतो. अंकुरात पेशींची एक लहानशी गाठ तयार होते. तिच्यातील पेशींचे विभाजन थांबलेले असते. तथापि त्या रासायनिक संदेश देऊन भोवतालच्या पेशींना वाढावयास लावतात. पुढे अशा आणखी गाठी उमटतात आणि प्रत्येक गाठीच्या जागी दाढेचा एक उंचवटा आकारास येतो. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठातील इर्मा थेसलेफ, युक्का येर्नव्हाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात उंदरांच्या दाढांचा अभ्यास करून या गाठींचे कार्य उलगडले.

आकार ठरल्यावर उंचवट्यांच्या टोकांवर खनिजे साठू लागतात. आत दंतिन आणि त्यावर दंतवल्क, म्हणजे इनॅमल, असे थर बसतात. पहिल्या दाढेत हे काम जन्माच्या सुमारास सुरू होते व तिचा वरचा भाग अडीच ते तीन वर्षांत पूर्ण होतो. टोकांवरचे कठीण थर खाली पसरत एकमेकांस मिळतात आणि त्यांच्या सांध्यांवर खोल खाचा राहतात. अन्नकण अडकून कीड लागते ती बहुधा याच खाचांत.

दंतवल्क हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ होय. पण तो घडविणाऱ्या पेशी दाढ उगवण्याच्या वेळी नाहीशा होतात. मोडलेले हाड सांधते, कातडीची जखम भरते. किडीने पोखरलेले दंतवल्क मात्र शरीराला पुन्हा घडविता येत नाही. दात घडत असताना त्यांवर कायमचे डाग पडू शकतात, म्हणूनच टेट्रासायक्लीनसारखी औषधे गरोदर स्त्रियांना व आठ वर्षांखालील मुलांना देणे डॉक्टर सहसा टाळतात.

दाढ तोंडात दिसू लागली तरी तिची मुळे नवव्या-दहाव्या वर्षापर्यंत वाढत असतात. दुसरी दाढ बाराव्या वर्षाच्या सुमारास, तर अक्कलदाढ साधारणतः १७ ते २१ या वयात येते. काहींना ती येतच नाही.

पहिली दाढ ओळखणे सोपे आहे. सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी ही दाढ जबड्याच्या मध्यापासून मोजल्यास सहावी भरते. ती दिसू लागताच मुलाच्या दातांवरून फिरणारा ब्रश तिच्यापर्यंत पोहोचतो की नाही, हे पालकांनी स्वतः पाहावे. खाचा खोल असल्यास दंतवैद्य त्यांवर सीलंटचा लेप देऊन त्या बंद करू शकतात. हा उपाय कीड लागण्यापूर्वी केल्यास दाढ पोखरण्याची वेळ सहसा येत नाही.