प्रश्न मोठा, इंग्रजी साधं

चि. मुक्ता हिस,


बराकपूरच्या आठवीतल्या मुलांना इंग्रजीत चार वाक्यं सलग लिहिता येत नाहीत. मग त्यांच्याकडून तुलना, कारणमीमांसा, स्वतःचं मत यांची अपेक्षा कशी करू, असं तू विचारलंस. माझं सांगणं एवढंच, की भाषा पक्की होईपर्यंत विचार थांबवून ठेवू नकोस. तेरा वर्षांच्या मुलाचं इंग्रजी कच्चं असलं तरी बुद्धी तेरा वर्षांचीच असते. उत्तर धड्यात छापलेलं असलं की मूल ते उतरवून मोकळं होतं. स्वतःचं काही सांगायचं असतं तेव्हाच त्याला शब्दाची निकड भासते, आणि निकडीतून मिळवलेला शब्द टिकतो. शिक्षणतज्ज्ञ ब्लूम यांनी १९५६ साली मांडलेल्या शैक्षणिक उद्दिष्टांच्या उतरंडीत स्मरण तळाशी आणि मूल्यमापन माथ्यावर आहे खरं. पण तळाशीच वर्षभर घोटत बसावं, असा त्याचा अर्थ नव्हे.

तुझ्या जवळच्याच कोलकात्यात याचा दाखला आहे. १८२६ साली हेन्री डेरोझिओ हिंदू कॉलेजात शिकवू लागला, तेव्हा तो जेमतेम सतरा वर्षांचा होता. इंग्रजी परकी असलेल्या मुलांना त्याने धर्म, रूढी, देश अशा विषयांवर वाद घालायला लावलं. १८३१ मध्ये त्याला राजीनामा द्यावा लागला, पण कृष्णमोहन बॅनर्जी, रामगोपाल घोष यांच्यासारखे शिष्य तोवर स्वतःच्या डोक्याने विचार करू लागले होते. ती निवडक, सुस्थितीतल्या घरांतली मुलं होती, असं तू म्हणशील. आक्षेप खरा आहे. म्हणून त्याचे विषय उचलू नकोस, रीत उचल: मत मांडलं की कारण मागायचं.

त्यासाठी साहित्य तुझ्या गावातच आहे. २९ मार्च १८५७ रोजी तिथल्या छावणीत शिपाई मंगल पांडे यांनी इंग्रज अधिकाऱ्यांवर शस्त्र उचललं. शेख पलटू या शिपायाने त्यांना धरलं, बाकीचे बहुतेक शिपाई जागचे हलले नाहीत. ८ एप्रिलला पांडे यांना फाशी झाली. हे सहा-सात सोप्या वाक्यांत फळ्यावर लिही. 'फाशी कधी झाली?' या प्रश्नाला एक तारीख पुरते. 'बाकीचे का हलले नाहीत?' याला मात्र भीती, सहानुभूती, संभ्रम अशी अनेक उत्तरं संभवतात आणि प्रत्येकाला आधार द्यावा लागतो. त्याला लागणारं इंग्रजी थोडंच आहे: 'बिकॉज', 'मे बी', 'बट', 'इफ'. आधी जोडीजोडीने बंगालीत किंवा हिंदीत बोलू दे, मग दोन वाक्यं इंग्रजीत लिहून घे. मातृभाषेत बोलल्याने इंग्रजीचा तास वाया जात नाही. सांगण्याजोगं काही हाती असलं तरच मूल इंग्रजीकडे वळतं.

परीक्षेत पाठांतरालाच गुण मिळतात, ही तुझी धास्ती मी हलकी मानत नाही. पण पाठ केलेलं उत्तर प्रश्न जरा फिरवला की कोलमडतं; ज्याला कारण समजलं आहे ते मूल मात्र फिरवलेल्या प्रश्नालाही सामोरं जातं. स्पेलिंग आणि व्याकरण सोडून दे, असंही मी म्हणत नाही. आधी मताला दाद दे, मग त्याच वाक्यातली चूक दुरुस्त कर. माहिती दिल्याशिवाय मत मागू नकोस, नाहीतर नुसती बडबड होईल. आणि दर धड्याला निदान एक प्रश्न असा ठेव, की ज्याचं उत्तर गाइडमध्ये नाही आणि तुझ्याकडेही तयार नाही. पन्नास मुलांच्या वर्गात एवढं नक्की जमेल.

तुझा,
काका