अभ्यासाचे तास कोठून आणावेत?



दूरशिक्षणात एक श्रेयांक 30 तासांच्या अध्ययनाचा धरतात. म्हणजे चार श्रेयांकांच्या अभ्यासक्रमाला 120 तास. वीस आठवड्यांत विभागल्यास आठवड्याला सहा. हिशेब कागदावर सोपा आहे.

आता वाशिंदहून मुंबईला नोकरीसाठी जाणारा विद्यार्थी घ्या. कल्याण–कसारा मार्गावरील या स्थानकापासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे 80 किलोमीटर आहे. जाऊन-येऊन जवळपास चार तास लोकलमध्ये जातात. हे चारही तास अभ्यासाचे धरणे फसवे आहे. गर्दीत उभ्याने उत्तर लिहिता येत नाही. मात्र आदल्या रात्री वाचलेल्या घटकाचे मुद्दे मनात जुळवता येतात. बसायला जागा मिळालीच, तर चार पाने वाचून होतात. लेखनासाठी रविवारची सकाळ राखावी आणि घरी तसे आधी सांगावे, कारण त्या वेळेवर घरच्यांचाही हक्क असतो.

शहापूर–मुरबाड परिसरात भातशेती पावसावर चालते. ज्यांच्या घरी शेती आहे, त्यांनी आवणीच्या दोन आठवड्यांपुढे वेळापत्रकात शून्य लिहावे व ते बारा तास इतर आठवड्यांत वाटून द्यावेत. आवणी थांबत नाही. स्वाध्याय अलीकडे ओढता येतो.

कृती : गेल्या आठवड्यातील तुमचा मोकळा वेळ दिवसवार लिहा. त्यांपैकी कोणत्या वेळेत लेखन शक्य होते आणि कोणत्या वेळेत केवळ वाचन वा स्मरण, हे वेगवेगळे नोंदवा.