नाही म्हण, पण मोजूनमापून

अगं, नव्या नोकरीत तुला दिवसभर इंग्रजीत मेल लिहावे लागतात, दुसऱ्यांच्या कामावर अभिप्राय द्यावा लागतो, म्हणून एक गोष्ट तुझ्या कानावर घालते. दोन गोष्टींपैकी एक उणी आहे असं इंग्रजीत सांगायची वेळ आली, की क्षणभर थांबत जा. तुझ्या मनात नसलेलं बोलून जायचा धोका तिथेच जास्त असतो.

शाळेत 'डिग्री बदला' या प्रश्नासाठी आपण 'नो अदर पीक इज ॲज हाय ॲज एव्हरेस्ट' असं घोकलं, मार्क घेतले आणि पुढे गेलो. त्यातला 'अदर' कशाला हवा, हे मात्र फारसं कुणी सांगितलं नाही. तो काढलास तर एव्हरेस्टही त्याच शिखरांत मोजलं जातं, आणि एव्हरेस्ट एव्हरेस्टइतकं उंच नाही असा वेडगळ अर्थ निघतो.

आता शिखरांवरूनच पुढे जाऊ. कळसूबाई १६४६ मीटर, साल्हेर १५६७ मीटर. म्हणून 'साल्हेर इज नॉट ॲज हाय ॲज कळसूबाई'. काटेकोर तर्क लावला तर 'तेवढं उंच नाही' म्हणजे जास्त उंचही असू शकेल. पण तसं कुणी समजत नाही. ओटो येस्पर्सन या डॅनिश भाषातज्ज्ञाने १९१७ साली नकारावरच्या आपल्या पुस्तकात हे नोंदवून ठेवलंय, की मोजमापाच्या शब्दाला 'नॉट' लागला की त्याचा अर्थ सहसा 'त्याहून कमी' असा होतो. आपल्या मराठीतही तसंच आहे, त्यामुळे ही रचना तुला जड जाणार नाही. जुने शिक्षक नकारात 'नॉट सो हाय ॲज'च हवं असा आग्रह धरायचे. आज दोन्ही बरोबर मानतात आणि 'नॉट ॲज' जास्त चालतं, तेव्हा त्यावरून जीव टांगणीला लावू नकोस.

फरक किती आहे, तेही सांगायला शीक. के-टू ८६११ मीटर, एव्हरेस्ट ८८४९. इथे 'नॉट क्वाइट ॲज हाय' म्हण, म्हणजे थोडक्यात हुकलं. कळसूबाई मात्र एव्हरेस्टच्या तुलनेत 'नोव्हेअर निअर ॲज हाय', म्हणजे जवळपासही नाही. सहकाऱ्याचं काम जरासंच कमी पडलं असेल, तर तो एक 'क्वाइट' विसरू नकोस. त्यावाचून तुझं वाक्य मनात होतं त्याहून कठोर होतं.

त्याहून नाजूक जागा विशेषणाची. 'धिस रिपोर्ट इज नॉट ॲज बॅड ॲज द लास्ट वन' असं तू कौतुकाने लिहिशील, पण वाचणाऱ्याला कळेल ते असं: मागचा वाईट होता, हाही वाईटच आहे, फक्त जरा कमी. 'नॉट ॲज टॉल' म्हटल्याने कुणी उंच किंवा बुटका ठरत नाही, पण 'नॉट ॲज शॉर्ट' म्हटलंस की दोघंही बुटके ठरतात. म्हणून उणं सांगतानाही विशेषण चांगल्या बाजूचं निवड. 'द अर्लिअर ड्राफ्ट वॉज नॉट ॲज क्लिअर ॲज धिस वन'. सुधारणाही सांगून झाली आणि कुणाला लागलंही नाही.

आता 'नॉट' आणि 'नो' यांतला फरक जपून ऐक. 'हर ड्राफ्ट इज नॉट बेटर दॅन हिज' म्हणजे तिचा त्याच्याहून सरस नाही, एवढंच. 'नो बेटर दॅन हिज' म्हटलंस, तर त्याचाही सुमार आणि तिचाही सुमार. एका वाक्यात दोन माणसं दुखावतात. जपानच्या शाळांत ही रचना एका देवमाशाच्या वाक्याने शिकवतात: 'अ व्हेल इज नो मोअर अ फिश दॅन अ हॉर्स इज'. घोडा मासा नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, देवमासाही तितकाच मासा नाही. दुसरी बाजू आधीच शून्यावर असते आणि पहिलीला तिच्या शेजारी नेऊन बसवलं जातं. माणसांबद्दल लिहिताना ही रचना शक्यतो टाळच.

आकड्यांत हाच फरक पैशापाण्याचा होतो. 'नो मोअर दॅन टेन' म्हणजे जेमतेम दहा, त्यात बोलणाऱ्याची निराशा आली. 'नॉट मोअर दॅन टेन' म्हणजे जास्तीत जास्त दहा, ती नुसती मर्यादा. 'नो लेस दॅन' मध्ये 'तब्बल' असं आश्चर्य असतं, तर 'नॉट लेस दॅन' म्हणजे किमान. आपल्या राज्यघटनेच्या कलम ३२६ मध्ये मतदाराच्या वयासाठी 'नॉट लेस दॅन' हीच रचना आहे. आधी तिथे २१ वर्षं होती, १९८८ च्या ६१ व्या घटनादुरुस्तीने ती १८ झाली. करार, कोटेशन, मुदत असलं काही लिहिताना तूही 'नॉट'च वापर, कारण तिथे भावनेला जागा नाही.

आणखी एक खड्डा आहे. 'आय डोन्ट ट्रस्ट हिम ॲज मच ॲज यू'. तू जितका विश्वास ठेवतेस तितका मी ठेवत नाही, की माझा तुझ्यावर जितका विश्वास आहे तितका त्याच्यावर नाही? मराठीत हे दोन अर्थ सांगायला वाक्यं मुळातच वेगळी होतात, इंग्रजीत एकाच वाक्यात दोन्ही मावतात. म्हणून पुढे क्रियापद जोड: 'ॲज यू डू' किंवा 'ॲज आय ट्रस्ट यू'.

आणि साहेब 'आय कुडन्ट अग्री मोअर' म्हणाले, तर चेहरा पाडू नकोस. याहून जास्त सहमत होणं शक्यच नाही, असं ते म्हणताहेत. 'कुडन्ट बी बेटर' म्हणजे उत्तम, पण तोच 'न्ट' गळून 'कुड बी बेटर' झालं की अर्थ उलटतो. तेव्हा तो 'न्ट' नीट ऐकत जा आणि बोलताना खणखणीत उच्चार.

हे नियम पाठ करत बसू नकोस. पाठवलेले जुने चारदोन मेल काढ आणि अशा प्रत्येक वाक्याला दोनच प्रश्न विचार: यात कमी कोण ठरतंय, आणि किती? उणं असेल ते उणं म्हणायला अजिबात कचरू नकोस. फक्त ज्याचं उणं आहे त्याचंच, आणि जेवढं आहे तेवढंच म्हण.