गुप्तरोगाची तपासणी : अहवालाचा अर्थ कसा लावावा?

दसरा-दिवाळी उलटली की मराठवाड्यातील अनेक तालुक्यांप्रमाणे जिंतूर तालुक्यातूनही काही कुटुंबे ऊसतोडीसाठी गाव सोडतात व कारखान्यांचे पट्टे पडल्यावर उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्याच सुमारास लग्नसराई सुरू होते, आणि ‘एकदा रक्त तपासून घ्यावे’ असा सल्ला कोणी ना कोणी देतो. सल्ला चांगला आहे. मात्र तपासणीचा कागद हाती आल्यावर त्याचा अर्थ कसा लावावा, हे फारसे कोणी सांगत नाही. अर्थ चुकला, तर एका घरी ठरलेले लग्न मोडते आणि दुसऱ्या घरी रोग असूनही निर्धास्तपणा येतो. गावात ज्यांचा शब्द मानला जातो, त्या शिक्षकांनी, पंचायत सदस्यांनी व शासकीय कर्मचाऱ्यांनी म्हणूनच हा विषय समजून घेणे अगत्याचे आहे.

लक्षण नाही म्हणून रोग नाही, असे नव्हे

लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या रोगांत परमा, गरमी अर्थात उपदंश, ‘ब’ प्रकारची कावीळ व एचआयव्ही हे प्रमुख होत. परमा झालेल्या पुरुषास बहुधा काही दिवसांतच लघवीची जळजळ जाणवते. स्त्रीस मात्र पुष्कळदा काहीच जाणवत नाही. उपदंशाचा पहिला व्रण दुखत नाही व औषधावाचून बरा होतो. रोग मात्र शरीरात तसाच राहतो. एचआयव्हीची बाधा तर कित्येक वर्षे बाह्य लक्षणांवाचून राहू शकते.

या संदर्भात महाराष्ट्रातीलच एक अभ्यास उद्‌बोधक आहे. डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग अथवा लैंगिक आजार आढळले. त्यांपैकी सर्वच आजार संसर्गजन्य नव्हते. परंतु जननमार्गाच्या जंतुसंसर्गाचा वाटा निम्मा होता. तपासलेल्या स्त्रियांपैकी ४५ टक्के स्त्रियांची कोणतीही तक्रार नव्हती, आणि यापूर्वी अशी तपासणी व उपचार केवळ ८ टक्के स्त्रियांनाच मिळाले होते. तक्रार नसणे हा निरोगीपणाचा पुरावा नव्हे, हे यावरून ध्यानी येईल.

धोका किती?

उपचार न घेणाऱ्या एचआयव्हीबाधित पुरुषापासून स्त्रीस एका असुरक्षित संबंधातून लागण होण्याची सरासरी शक्यता १०,००० मध्ये सुमारे ८ इतकी मानली जाते. हा आकडा लहान वाटला तरी तो एका वेळेचा आहे. संबंध वारंवार आल्यास धोका साठत जातो. जननेंद्रियावर व्रण असल्यास, किंवा बाधा नुकतीच झालेली असल्यास, तो अनेक पटींनी वाढतो. उलट, नियमित औषधोपचाराने ज्याच्या रक्तातील विषाणूंचे प्रमाण चाचणीत न आढळण्याइतके खाली आले व तसेच राहिले, त्याच्यापासून लैंगिक संबंधातून एचआयव्ही पसरत नाही. निरोधचा योग्य वापर हे आजही साधे व खात्रीचे साधन आहे. एका ताटात जेवल्याने, एका पाणवठ्यावर पाणी भरल्याने वा डास चावल्याने हा रोग होत नाही.

‘नाही’ या उत्तराचा अर्थ

एचआयव्हीची नेहमीची चाचणी प्रामुख्याने विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधते. ती तयार होण्यास सामान्यतः ३ ते १२ आठवडे लागतात. या मधल्या काळास ‘विंडो पीरियड’ म्हणतात. या काळात बाधा असूनही अहवाल ‘नाही’ असा येऊ शकतो, आणि याच काळात दुसऱ्यास लागण होण्याचा धोका अधिक असतो. म्हणून संशयास्पद संबंधानंतर आठवड्याभरात केलेल्या तपासणीवर विसंबू नये. ३ महिन्यांनी ती पुन्हा करावी. गाव सोडून गेलेल्या कुटुंबाची दुसऱ्या तपासणीची तारीख नेमकी उसाच्या फडावर येते. अशा वेळी ज्या जिल्ह्यात मुक्काम असेल, तेथील शासकीय केंद्रात ही तपासणी करता येते. संबंध येऊन ७२ तास झाले नसतील, तर बाधा टाळणारी औषधे देता येतात. त्यासाठी विनाविलंब शासकीय रुग्णालय गाठावे.

‘आहे’ या उत्तराचा अर्थ

समजा, १०,००० लोकांची तपासणी केली व त्यांत २० जण खरोखर बाधित आहेत. चाचणी बाधितांना बिनचूक ओळखते, परंतु निरोगी शंभरांतील एकास चुकून बाधित ठरवते, असे धरू. मग ९,९८० निरोगी लोकांपैकी सुमारे १०० जणांचा अहवाल खोटा ‘आहे’ येईल. एकूण १२० जणांच्या हाती ‘आहे’ हा कागद पडेल, आणि त्यांतील १०० जण निरोगी असतील! तीच चाचणी १,००० बाधित असलेल्या १०,००० लोकांवर केली, तर खोटे अहवाल केवळ ९० व खरे १,००० निघतील. कागद तोच, धोका जितका कमी, तितका एकट्या चाचणीवरचा विश्वास कमी ठेवावा लागतो. हे आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. प्रत्यक्षातील चाचण्या याहून अचूक असतात.

यावर उपाय म्हणून शासकीय एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात पहिली चाचणी ‘आहे’ आल्यास वेगळ्या तत्त्वांवरील आणखी दोन चाचण्या करतात. दुसऱ्या चाचणीनंतर वरील १०० पैकी जेमतेम एक उरेल, व तिसरीनंतर तोही बहुधा उरणार नाही. तिन्हींचा कौल जुळला तरच बाधा निश्चित मानतात. कौल न जुळल्यास काही आठवड्यांनी पुन्हा रक्त घेतात.

उपदंशाच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. त्याची एक चाचणी गरोदरपणात किंवा हिवतापासारख्या आजारात क्वचित खोटा कौल देते. दुसऱ्या प्रकारची चाचणी रोग पूर्ण बरा झाल्यावरही बहुधा जन्मभर ‘आहे’ असेच दाखवते. दोन्हींचा मेळ घालून अर्थ लावणे हे डॉक्टरांचे काम होय. उपदंश पेनिसिलिनने बरा होतो. प्रत्येक गरोदर स्त्रीची एचआयव्ही व उपदंशासाठी तपासणी झाल्यास पोटातील बाळास वाचवता येते.

गावाचे कर्तव्य

राष्ट्रीय अंदाजानुसार २०२१ साली महाराष्ट्रात सुमारे ३.९४ लाख एचआयव्हीबाधित व्यक्ती होत्या. ही संख्या देशातील सर्व राज्यांत सर्वाधिक होती. शासकीय केंद्रांत तपासणी, समुपदेशन व एचआयव्हीचे औषधोपचार विनामूल्य आहेत. १०९७ या विनाशुल्क दूरध्वनी क्रमांकावर नाव न सांगताही माहिती मिळते. चारठाणा, बोरी वा येलदरी परिसरातील ग्रामस्थांना जवळचे केंद्र कोठे आहे, हे आशा कार्यकर्ती किंवा आरोग्य सेविका सांगू शकतील.

एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा २०१७ साली संमत झाला व १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. त्यानुसार संमतीवाचून एचआयव्हीची तपासणी करता येत नाही, अहवाल गुप्त ठेवावा लागतो, आणि नोकरी, शिक्षण वा उपचारात भेदभाव करता येत नाही. म्हणून कोणाचाही अहवाल चावडीवर चर्चेला येऊ नये. शिक्षकाने बाधित मुलास वर्गात वेगळे बसवू नये. कोणी चिठ्ठी घेऊन सल्ल्यासाठी आला, तर तीनच प्रश्न विचारावेत : तपासणी केव्हा केली? किती चाचण्या झाल्या? समुपदेशकास दाखवली का? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत लग्न मोडू नये, सुनेस माहेरी धाडू नये आणि कोणी निर्धास्तही राहू नये. मोडलेले घर नंतर आलेल्या योग्य अहवालाने सांधता येत नाही.